बिली वॅग्नर: ९०३ इनिंग्जवर हॉल ऑफ फेम?

सह्यकडा

जुलै २०२५ मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) बिली वॅग्नर कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. सोबत इचिरो सुझुकी आणि सीसी सबाथिया. इचिरोबद्दल वादाला जागाच नाही, पत्रकारांच्या ३९४ पैकी ३९३ मतं. वॅग्नरला ३२५ मिळाली, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. लागतात ७५. मतपत्रिकेवरचं त्याचं ते दहावं आणि शेवटचं वर्ष होतं. २०१६ साली पहिल्यांदा नाव आलं तेव्हा जेमतेम साडेदहा टक्के मतं होती. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता, तरी मतं आठपट झाली.

माझं मत: ही निवड चुकली. हात विलक्षण होता, माणूस जिद्दीचा होता, पण काम कमी पडलं. १६ हंगाम, ८५३ सामने आणि ९०३ इनिंग्ज. सामन्यामागे एका इनिंगहून किंचित जास्त. चांगला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) एवढं काम पाच हंगामांत उरकतो.

इथे सगळेच बेसबॉल बघत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. सामना नऊ इनिंग्जचा, एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट. स्टार्टर पहिल्या पाच-सहा इनिंग्ज टाकतो, मग बुलपेनमधून (राखीव पिचर्सच्या जागेतून) एकेक रिलीफ पिचर येतो. संघ थोडक्या धावांनी पुढे असेल तर नवव्या इनिंगला क्लोजर येतो. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना पूर्ण इनिंग टाकून सामना संपवला की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' जमा. १९६९ पासून हा अधिकृत आकडा आहे. तीनची आघाडी घेऊन यायचं, दोन धावा द्यायच्या, तरी सेव्ह मिळतो! वॅग्नरच्या खात्यावर असे ४२२ सेव्ह आहेत.

नववी इनिंग आघाडीवर सुरू करणारा संघ साधारण ९५ टक्के वेळा जिंकतो. क्लोजर अशी खास जागा तयार व्हायच्या आधीही हे प्रमाण जवळपास एवढंच होतं. मग या माणसांनी खेळात नक्की काय बदललं?

आणि स्टार्टर योहान सँताना बाहेर आहे. २००४ आणि २००६ चे दोन साय यंग पुरस्कार (हंगामातल्या सर्वोत्तम पिचरचा), दोन हजारांवर इनिंग्ज. २०१८ मध्ये त्याला पहिल्याच फेरीत २.४ टक्के मतं पडली आणि पाच टक्क्यांखालचं नाव मतपत्रिकेवरून काढायच्या नियमाने ते कायमचं उडालं. या दोन निकालांची संगती मला कोणी लावून दाखवावी.

विद्युल्लता

पूर्णपणे असहमत. तुम्ही इनिंग्ज मोजल्यात, पण त्या इनिंग्जमध्ये बॅटरचं काय होत होतं ते पाहिलंच नाहीत.

९०३ इनिंग्जमध्ये ११९६ स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद). दर नऊ इनिंग्जमागे जवळपास बारा. समोरच्या बॅटर्सची हिटची सरासरी .१८७. ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, २.३१; कमी तेवढा चांगला. आणि हे कधी? नव्वदच्या दशकाचा शेवट आणि दोन हजारची सुरुवात, म्हणजे होम रनचा पाऊस पडत होता तेव्हा. ह्यूस्टनच्या नव्या मैदानात डाव्या बाजूची भिंत होम प्लेटपासून अवघ्या ३१५ फुटांवर आहे. तिथे चार हंगाम घरच्या मैदानावर त्याने नववी इनिंग टाकली. १९९९ चा हंगाम काढून बघा: ७४ इनिंग्ज आणि वर दोन आउट, १२४ स्ट्राइक आउट, ईआरए १.५७. त्याच्यापुढे बॅट घेऊन उभं राहणाऱ्यांची अवस्था बघवत नसे.

मुळात तो उजवा. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला गरीब घरचा पोरगा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने फेकायला लागला, आणि त्याच डाव्या हाताने पुढे ताशी १०० मैलांचा चेंडू टाकला. उंची कागदावर पाच फूट दहा इंच, म्हणजे पिचर्समध्ये बुटकाच. मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, फेरम नावाच्या छोट्या कॉलेजातून आला आणि १९९३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी त्याला बाराव्या क्रमांकावर उचललं.

हॉल ऑफ फेम म्हणजे हजेरीपट नव्हे. क्लोजरचं काम त्याच्यापेक्षा चांगलं किती जणांनी केलं, हा प्रश्न विचारा. मला एक नाव येतं, मारियानो रिव्हेरा. फार तर ट्रेव्हर हॉफमन. बस.

एडिसनकर

मी न्यूयॉर्क मेट्सवाला आहे. २००६ ते २००९ वॅग्नर आमच्याकडे होता, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

सह्यकडांनी सगळ्यात जड मुद्दा लिहिलाच नाही: पोस्टसीझन, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने. १४ सामने, बारा इनिंग्जही भरत नाहीत, ईआरए १०.०३. क्लोजरचं अख्खं समर्थन काय, तर तो दडपणाखाली टाकतो. मग सर्वांत मोठ्या दडपणाचा हिशोब बाजूला कसा ठेवायचा?

१३ ऑक्टोबर २००६, शे स्टेडियम. नॅशनल लीगची अंतिम मालिका, सेंट लुई कार्डिनल्सविरुद्ध दुसरा सामना. ६-६ बरोबरी, नववी इनिंग, वॅग्नर माऊंडवर (पिचरच्या जागी). समोर सो तागुची. बचावासाठी आणलेला, होम रनसाठी कोणी ओळखत नाही असा बॅटर. दोन स्ट्राइकनंतर तो चेंडूमागून चेंडू फाऊल करत राहिला, काउंट भरला (तीन चुकीचे चेंडू, दोन स्ट्राइक), आणि मग डावीकडच्या भिंतीपलीकडे. पुढे अल्बर्ट पुहोल्सचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका). ६-६ चे ९-६ झाले. सहाव्या सामन्यात त्याच तागुचीने परत डबल मारून दोन धावा काढल्या, नशीब आमची आघाडी चारची होती. मालिका सातव्या सामन्यात गेली. दुसरा सामना जिंकलो असतो तर बहुधा गेली नसती.

रिव्हेराचा पोस्टसीझन बघा: १४१ इनिंग्ज, ईआरए ०.७०. म्हणून त्याला २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं पडली. दोघांना एकाच दालनात बसवणं मला मान्य नाही.

विद्युल्लता

एडिसनकर, सातव्या सामन्याचं नाव घेतलंतच तर तो पूर्ण सांगा ना. १-१ बरोबरी, घरचं मैदान, नववी इनिंग. माऊंडवर कोण होतं? अ‍ॅरन हाइलमन. आठवी त्यानेच टाकली होती, नववीतही त्यालाच ठेवलं. यादिएर मोलिनाने दोन धावांचा होम रन मारला, ३-१, हंगाम संपला. वॅग्नर सामनाभर बुलपेनमध्येच राहिला.

घरच्या मैदानावर नवव्या इनिंगला बरोबरी असेल तर यजमान क्लोजरला पुढे सेव्ह मिळायची शक्यताच नसते, कारण आघाडी घेतली की सामना तिथेच संपतो. मग त्याला राखून ठेवायचा तरी कशासाठी? तो निर्णय मॅनेजर विली रँडॉल्फ यांचा होता. दुसऱ्या सामन्याची हार वॅग्नरच्या नावावर लिहिता, ती लिहाच. पण सातव्यात त्याला चेंडूच मिळाला नाही याचा जमाखर्च कुठे?

आणि बारा इनिंग्जवर माणूस तोलायचा? ९०३ कमी पडतात म्हणून वरती ओरड आहे, आणि खाली बारा पुरतात.

आकडेमोड

इथे दोन्हीकडून थोडी गल्लत होतेय. रिलीफ पिचर कधी येणार, किती टाकणार, हे तो ठरवत नाही. २०१६ चा अमेरिकन लीगचा वाइल्ड कार्ड सामना (पोस्टसीझनच्या जादा जागेसाठीचा) आठवा, टोरोंटोला. बाल्टिमोर ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह करून आलेला, ईआरए ०.५४. अकराव्या इनिंगला २-२ बरोबरी असताना मॅनेजर बक शोवॉल्टरनी त्याला आणलाच नाही, आघाडी मिळाली की आणू म्हणून. एडविन एनकार्नासिओनने तीन धावांचा होम रन मारला आणि ओरिओल्स घरी गेले. त्याच महिन्यात क्लीव्हलँडच्या टेरी फ्रँकोनांनी अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगलाही आणलं, जिथे सामना फिरायची वेळ असेल तिथे. मिलर लीग मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सेव्हची व्याख्या आली, मॅनेजर तिच्याभोवती माणसं वापरायला लागले आणि वॅग्नर नेमका त्या पद्धतीच्या ऐन भरात खेळला. म्हणून ४२२ हा आकडा मी बाजूला ठेवतो. बाकी जे उरतं, स्ट्राइक आउट, .१८७, २.३१, ते मात्र अस्सल आहे. मी कुंपणावर बसत नाही, मी त्याला मत दिलं असतं.

सह्यकडा

आकडेमोड, तुमचा परिच्छेद माझ्याच बाजूने जातो. पद्धतीने त्याचं काम आक्रसलं, मान्य. पण आक्रसलेलं काम आक्रसलेलंच राहतं. रिच गॉसेजने १९७८ मध्ये यँकीजसाठी बुलपेनमधून १३४ इनिंग्ज टाकल्या. त्या वर्षी बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात सातव्या इनिंगला आला आणि शेवटचा आउट होईपर्यंत हलला नाही. ती रिलीफ पिचिंग. वॅग्नरने शेवटच्या हंगामात ६९ टाकल्या.

कमी टाकायला मिळालं की प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकता येतो. सातव्या इनिंगसाठी दम राखायचा नाही, तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर येणार नाही. बारा स्ट्राइक आउटमध्ये या सवलतीचा वाटा मोठा आहे. सँतानाला कोणी रोज एकच इनिंग टाकायला सांगितली असती तर त्याचे आकडे कसे दिसले असते?

मृण्मयी_पुणे

सँतानाचं नाव दुसऱ्यांदा आलं म्हणून लिहिते. २००८ मध्ये सँताना आणि वॅग्नर एकाच संघात होते, मेट्समध्ये. सँतानाचा ईआरए २.५३, लीगमध्ये सर्वांत कमी. तरी नावावर फक्त १६ विजय, कारण त्याने राखलेल्या सात आघाड्या बुलपेनने घालवल्या. वॅग्नर ऑगस्टच्या सुरुवातीला कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला, सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या अस्थिबंधाची) झाली. मेट्सचे ८९ विजय, वाइल्ड कार्ड घेणाऱ्या मिल्वॉकीचे ९०.

एका सामन्याने गेलं! नववी इनिंग कोणीही टाकू शकतो, ९५ टक्के सामने तसेही जिंकले जातात, असं म्हणणाऱ्यांनी तो सप्टेंबर आठवावा. ९५ टक्के ही सगळ्या संघांची सरासरी. हंगाम मात्र उरलेल्या पाच टक्क्यांत बुडतो. शेवटच्या षटकात सात धावा राखायच्या असतात तेव्हा चेंडू बुमराहकडेच का द्यायचा असतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

एडिसनकर

मृण्मयी, त्या हंगामात जुलैपर्यंत वॅग्नरच्या हातूनही आघाड्या सुटल्या होत्या, तेही लिहा. पण सप्टेंबरबद्दल तुमचं बरोबर आहे. शे स्टेडियमचा तो शेवटचा हंगाम होता आणि आठव्या-नवव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडलं की पोटात गोळा यायचा. आमच्याकडे टाकायला कोणी उरलंच नव्हतं.

तरी माझा मुद्दा तिथेच आहे. एखाद्या संघाला क्लोजरची उणीव नडली, याने तो क्लोजर कूपरस्टाउनचा होत नाही.

विद्युल्लता

शेवट बघा मग. ३७ व्या वर्षी कोपर कापून घेतलं, वर्षभरात परत आला. २०१० मध्ये अटलांटाकडून ६९ इनिंग्जमध्ये १०४ स्ट्राइक आउट, ३७ सेव्ह, ईआरए १.४३. वय ३९. आणि तिथेच थांबला, मुलांसोबत राहायचं म्हणून. आणखी तीन वर्षं रेटून हजार इनिंग्ज आणि ५०० सेव्ह गाठणं त्याला अवघड नव्हतं. तशी कारकीर्द लांबवली असती, ईआरए थोडा बिघडला असता, आणि सह्यकडांच्या हिशोबात तो जास्त मोठा ठरला असता. हे मला पटत नाही. घरी जाऊन त्याने व्हर्जिनियातल्या शाळेतल्या पोरांना शिकवलं, त्याचा मुलगा विल २०२४ मध्ये टोरोंटोकडून मेजर लीगमध्ये आला.

आणि सेव्हसाठीच खेळणारा म्हणत असाल तर ११ जून २००३ बघा. यँकी स्टेडियम, पहिल्या इनिंगनंतर रॉय ऑसवाल्ट जखमी होऊन गेला, पुढे पाच रिलीफ पिचर्सनी मिळून नो-हिटर (एकही हिट न देता सामना) पूर्ण केला. शेवटची इनिंग वॅग्नरची. अ‍ॅस्ट्रोज ८-० ने पुढे होते, सेव्हचा प्रश्नच नव्हता.

सह्यकडा

विद्युल्लता, २०१० चा हंगाम मी नाकारत नाही, तो थक्क करणाराच आहे. थांबायचा हक्कही त्याचा. पण स्टार्टर सँडी कोफॅक्सही तिशीतच थांबला, आणि तो थांबला तेव्हा त्याच्या २३०० च्या वर इनिंग्ज झाल्या होत्या. लवकर थांबूनही काम भरतं.

मला काळजी पुढची आहे. क्लोजर केनली जॅन्सन आणि क्रेग किंब्रेल, दोघेही ४२२ सेव्हच्या पुढे गेलेत. उद्या त्यांची नावं येतील तेव्हा वॅग्नरचाच दाखला दिला जाईल, आणि नाही म्हणायला मतदारांकडे कारण उरणार नाही.

आकडेमोड

जॅन्सन आणि किंब्रेलला ज्याच्या त्याच्या आकड्यांवर तोलता येईल, दोघांचे ईआरए वॅग्नरच्या वर आहेत. सँतानाचं दारही कायमचं बंद झालेलं नाही. क्लोजर ली स्मिथ पंधरा वर्षं पत्रकारांच्या मतदानात अडकला होता, २०१९ मध्ये राहून गेलेल्यांसाठीच्या समितीने घेतला. सँतानासाठी समितीकडे जोर लावा, मी तुमच्यासोबत आहे. त्यासाठी वॅग्नरला बाहेर काढायची गरज नाही.