'निष्क्रिय टेहळणी' म्हणजे काहीच न करणं?

रत्नागिरीहून

मागच्या महिन्यात एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाची सुरक्षा-चाचणी केली. अहवाल मराठीत लिहिला, कारण संचालक मंडळात इंग्रजी अहवाल कोणी उघडत नाही हे अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पॅसिव्ह रेकॉनिसन्सच्या, म्हणजे समोरच्या यंत्रणेला न छेडता तिची माहिती काढण्याच्या, प्रकरणाला मथळा दिला 'निष्क्रिय टेहळणी'. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, निष्क्रिय म्हणजे काही केलंच नाहीत ना? मग बिलात हे तीन दिवस कसले?"

त्या तीन दिवसांत काय केलं ते सांगते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी चाळल्या, त्यात त्यांचं विसरलेलं उपडोमेन (मुख्य पत्त्याखालचा आणखी एक पत्ता) सापडलं, नावात 'टेस्ट' असलेलं. वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात साठवलेलं पान उघडून सोर्स पाहिला, तर जनरेटर टॅगमध्ये ते पान ज्यावर बनलं त्या वर्डप्रेसची आवृत्ती आकड्यासकट लिहिलेली. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्त्यांची वही, तिच्यातल्या टीएक्सटी नोंदीवरून त्यांची ईमेल कोणामार्फत जातात ते कळलं. एवढं सगळं होईपर्यंत त्यांच्या वेब सर्व्हरकडे माझी एकही विनंती गेली नव्हती. म्हणजे काम झालं, फक्त समोरच्याला हात लागला नाही. याला मराठीत काय म्हणावं?

दापोलीहून

'पॅसिव्ह रेकॉन' लिहा आणि मोकळ्या व्हा. निविदा कितीही छापल्या तरी माणसं टेंडरच भरतात.

राजापूरहून

मी मराठीचा निवृत्त मास्तर, संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण अध्यक्षांची हरकत मला पटते. 'पॅसिव्ह'ला एकच मराठी शब्द चिकटवायची खोड वाईट. व्याकरणात तो 'कर्मणी' होतो. आणि पॅसिव्ह रेझिस्टन्सला आपल्याकडे 'निःशस्त्र प्रतिकार' म्हटलं गेलं. 'निष्क्रिय प्रतिकार' म्हटलं असतं तर त्यासाठी तुरुंगात कोण गेलं असतं? ज्याने हा शब्द पाडला त्याने नेमकं काय टाळायचं आहे ते पाहिलं. शस्त्र टाळायचं, कृती नव्हे. तुमच्या कामात काय टाळायचं आहे? स्पर्श. म्हणून 'अस्पर्श टेहळणी' सुचवतो.

आता 'टेहळणी'. हा शब्द बुरुजावरचा. टेहळ्या उंचावर उभा राहून लांबवर नजर ठेवतो आणि तो आहे हे सगळ्यांना माहीत असतं. 'कानोसा' त्याच्या उलट. दाराआड उभं राहून, श्वास रोखून ऐकायचं. तो मुद्दाम घेतात, 'चाहूल' मात्र बहुतेक वेळा आपसूक लागते. 'माग' काढायला कोणीतरी आधी पुढे गेलेलं असावं लागतं. 'चाचपणी' हाताने होते, तेव्हा ती तुमच्या या प्रकरणात नकोच. डोळा, कान, हात असे तीन विभाग शब्दांनीच पाडून ठेवलेत.

चिपळूणहून

मास्तर, बाकी सगळं मान्य, पण 'अस्पर्श' नको. त्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द उभा आहे ते ऐकू येतंच. अहवालात ती सावली कशाला?

राजापूरहून

बरोबर आहे. मागे घेतो.

हर्णैहून

कोणीतरी 'ठाव घेणे' सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. होडीतून दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडतात आणि ते तळाला टेकलं की ठाव लागतो. टेकल्याशिवाय ठाव नाही. तेव्हा तो शब्द पोर्ट स्कॅनसाठी, म्हणजे सर्व्हरची कोणती दारं उघडी आहेत ते तपासण्यासाठी, ठेवा.

मालवणहून

मी याच धंद्यातला. रत्नागिरीच्या ताईंनी केलं ते खरंच बाहेरून होतं, पण बरेच जण 'पॅसिव्ह' शब्द फार सैल वापरतात. ब्राउझरमध्ये संकेतस्थळ कशाकशावर चालतं ते सांगणारं वॅपॅलायझर बसवायचं, संकेतस्थळ उघडायचं, जेक्वेरी आणि एनजिनेक्स अशी घटकांची नावं दिसली की "पॅसिव्ह केलं" म्हणायचं. अरे बाबा, पान उघडलंस तेव्हाच तुझा आयपी पत्ता त्यांच्या लॉगमध्ये गेला.

आमच्याकडच्या घरावरून सांगतो. घराभोवती चिऱ्यांचा गडगा असतो. पाणंदीतून जाताना गडग्यावरून दिसतं तेवढं बघितलं, परसातला फणस, दारातली मोटारसायकल, दोरीवरचे कपडे, तर कोणाला कळत नाही आणि कोणाची हरकतही नसते. बेडं उघडून अंगणात जाऊन "कोण आसा काय घरात?" म्हणून हाक मारली, तर ते कोणीही पाहुणा करतो. पण आता तुम्हाला घरच्यांनी पाहिलेलं असतं. याला काही जण सेमी-पॅसिव्ह म्हणतात, वॅपॅलायझर इथे बसतं. आणि मागच्या दाराची कडी हलवून पाहिलीत तर ते एनमॅप, पोर्ट स्कॅनचं साधन. तिथे पोचण्याआधी मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दलच आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शोदान, सेन्सिस, बिल्टविथ, नेटक्राफ्ट या आधीच गोळा केलेली माहिती देणाऱ्या सेवा, हे चौथं प्रकरण. तिथे आपण त्या घरी जातच नाही, शेजारणीला विचारतो. शेजारणीने मात्र कधीतरी दार वाजवून पाहिलेलं असतं! शोदान २००९ पासून इंटरनेटभर दारं वाजवत फिरतंय आणि काय उत्तर आलं ते वहीत लिहितंय. आपण फक्त वही वाचतो. म्हणून ती माहिती शिळी असू शकते. सर्व्हर मागच्या आठवड्यात बदलला असेल आणि वहीत जुनाच असेल.

ताई, तुमच्या यादीत एक बारीक खोट काढतो. डीएनएसची नोंद तुम्ही ज्या रिझॉल्व्हरला (नोंद शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारता तो पुढे त्यांचं डीएनएस सांभाळणाऱ्याकडे जाऊ शकतो. वेब सर्व्हरला काही कळत नाही हे खरं. पण "कोणालाच कळलं नाही" असं लिहू नका.

रत्नागिरीहून

खोट मान्य, वाक्य सुधारते. प्रमाणपत्रांच्या नोंदीबद्दल अध्यक्षांनाही आश्चर्य वाटलं होतं म्हणून इथे लिहिते. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत नसेल तर क्रोम ते मानत नाही. त्यामुळे कोणी घाईत 'टेस्ट' नावाच्या उपडोमेनसाठी प्रमाणपत्र काढलं, की ते नाव कायमचं सगळ्या जगाला वाचायला मिळतं. उपडोमेन बंद केलं तरी नोंद राहते. सगळ्या उपडोमेनांना मिळून एकच, तारांकित प्रमाणपत्र काढलं तर वेगवेगळी नावं दिसत नाहीत. त्यांनी ते काढलं नव्हतं.

विजयदुर्गहून

हात न लावता घटक ओळखायचे म्हणालात, तर आमच्या किल्ल्यावर येऊन बघा. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकयर साहेबाने इथूनच हेलियम शोधला, असं गावात सांगतात. ते तसं नाही. त्या दिवशी ग्रहण पाहायला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकयर यांनी हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातून, ग्रहण नसताना. हे सांगितलं की गावातले माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत.

पण मुद्दा तोच राहतो. सूर्यापर्यंत कोणी गेलं नाही. तो स्वतःहून जो उजेड टाकतो तो लोलकातून वाचला आणि आत काय आहे ते कळलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. संकेतस्थळही असंच काहीबाही बाहेर टाकतं ना? मग 'वर्णपट-वाचन' कसं वाटतं?

दापोलीहून

पतसंस्थेच्या संचालकांना वर्णपट? टेंडरवाला मुद्दा पुन्हा वाचा.

अलिबागहून

मूळ शब्दाचं होईल ते होईल, मला त्याच्या जोडीचा 'फिंगरप्रिंटिंग' छळतो. सगळे 'बोटांचे ठसे' लिहितात. इथे बोट कोणाचं? ठसा गुन्हेगार मागे ठेवतो. इथे तर आपण समोरच्याची घडण ओळखतोय.

मी 'बांधणी ओळखणे' वापरतो. दर्यावरचाच शब्द आहे. बुरुजावरच्या माणसाला लांबून शीड दिसलं की गुराब की गलबत हे तो बांधणीवरून सांगणार. गुराबेची नाळ पुढे निमुळती काढलेली, डोलकाठ्या दोन किंवा तीन. गलबत त्याहून लहान. निशाणावर विसंबून चालत नाही, कारण परक्याचं निशाण लावून जवळ यायची युक्ती दर्यावर जुनीच आहे.

आता संकेतस्थळ बघा. पानासोबत येणारा सर्व्हर नावाचा हेडर हे निशाण, त्यात सर्व्हर आपलं नाव सांगतो. ॲडमिनने एका ओळीत ते बदललं की अपाचेचं काहीही होतं. पण कुकीचं नाव पीएचपीसेसआयडी असेल तर मागे पीएचपी, जेसेशनआयडी असेल तर जावा. चित्रांच्या पत्त्यात डब्ल्यूपी-कंटेंट असेल तर वर्डप्रेस. फॅव्हिकॉन (टॅबवरचं छोटं चिन्ह) बदलायला विसरले असतील तर त्याच्या हॅशवरूनच, म्हणजे त्या चित्रावरून काढलेल्या आकड्यावरूनच, शोदानवर तशी सगळी ठिकाणं सापडतात. ही सगळी बांधणी. बदलता येत नाही असं नाही, पण त्यासाठी जहाज गोदीत न्यावं लागतं.

राजापूरहून

वा! 'बांधणी' पक्का. बोटांचे ठसे पोलिसांना परत द्या.

मालवणहून

'बांधणी'ला माझंही मत. मात्र ती सगळी गडग्याबाहेरून दिसत नाही हे लक्षात असू द्या. कुकी बघायची तर अंगणात जावंच लागतं.

रत्नागिरीहून

अहवाल बदलून दिला. पहिल्या प्रकरणाचा मथळा 'बाहेरून घेतलेला कानोसा', दुसरा 'अंगणातून ओळखलेली बांधणी', तिसरा 'चाचपणी', आणि त्याखाली लगेच परवानगीपत्राचा क्रमांक. 'टेहळणी' मी काढून टाकली. टेहळ्या दिसतो, मला दिसायचं नव्हतं. अध्यक्षांनी मथळे वाचले, शब्दाबद्दल काही बोलले नाहीत, फक्त ते 'टेस्ट'वालं बंद करायला कोणाला सांगायचं ते विचारलं. बिल मंजूर झालं.

मास्तर, एक अडलंय. सहा महिन्यांनी पुन्हा हेच करायचं ठरलंय, करारात दोन वेळांचा उल्लेख हवा. 'दोन कानोसे' लिहू का?

राजापूरहून

कानोसे कोणी घेत नाही हो. 'दोन वेळा कानोसा' लिहा.