नॅनोकण थेट गाठीवरच जातात, हा दावा कशाच्या आधारावर?

निरीक्षक:
"नॅनोकण शरीरात सोडले की ते कर्करोगाच्या गाठीचा माग काढत थेट तिथेच जातात, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही, त्यामुळे जुन्या केमोथेरपीचे दिवस आता भरले," अशा आशयाचा लेख काल इथे कोणीतरी टाकला आणि त्याखाली वाहवा सुरू झाली. राहवले नाही म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. नॅनोकण म्हणजे औषध वाहून नेणारा अतिसूक्ष्म कण; शिरेतून दिल्यावर तो कशाचाही माग काढत नाही. तो रक्ताबरोबर वाहत जातो, त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो आणि यकृतातल्या व प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका समजून गिळू लागतात. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले ११७ शोधनिबंध तपासले, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचा मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ०.७ टक्के निघाला. उरलेले ९९ टक्के कुठे जातात, याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही.

रसायनी:
औषधनिर्मितीत अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून सांगतो की तुम्ही हिशेबाची एकच बाजू मांडली आहे. ०.७ टक्के हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? साधे औषध शिरेतून दिले तर तेही सर्व शरीरभर पसरते आणि गाठीच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा अंश येतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे जुने औषध; १९९५ साली मान्यता मिळालेल्या, लायपोसोममध्ये म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेल्या त्याच्या रूपाचा खरा फायदा गाठीत किती गेले यापेक्षा हृदयात किती गेले नाही, यात आहे. साधारण शंभर नॅनोमीटरचा कण हृदयाच्या घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांतून सहज बाहेर पडत नाही. साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाचा स्नायू कायमचा दुबळा होऊ शकतो, आणि म्हणूनच त्याच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा घालावी लागते.

वैशाखी:
माझ्या आईला हेच औषध दिले होते. बाटलीतला तो लालसर, अर्धपारदर्शक द्रव थेंबाथेंबाने आत जाताना आम्हाला एवढेच सांगितले गेले की हे नॅनो आहे, याचा त्रास कमी. पुढे तिचे तळहात लाल झाले, मग सोलवटले. तिला पाण्याचा पेला धरवेना आणि पायात चप्पल घालवेना. कोमट पाणीसुद्धा तिला चटका दिल्यासारखे लागे. असे होऊ शकते हे आधी कोणीही सांगितले नव्हते. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावरच्या २००४ सालच्या चाचणीत हा हातापायांचा त्रास लायपोसोमवाल्या औषधाने ४८ टक्के रुग्णांना झाला, साध्या औषधाने २ टक्क्यांना, हे मी नंतर स्वतः शोधून वाचले. "निरोगी पेशींना धक्काही लागत नाही" असे लिहिणाऱ्याने ते तळहात पाहायला हवे होते.

रसायनी:
तुमच्या आईंच्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते. परंतु त्याच चाचणीत रोग आटोक्यात राहण्याचा काळ दोन्ही गटांत जवळपास सारखा होता आणि हृदयाची हानी लायपोसोमच्या गटात स्पष्टपणे कमी होती. मात्रा कमी केली किंवा दोन मात्रांमधले अंतर वाढवले की त्वचा भरून येते; हृदयाचा गेलेला स्नायू भरून येत नाही.

वैशाखी:
त्वचा भरून येते हे ज्याच्या हाताला घास धरवत नाही त्याला जाऊन सांगा! तुम्ही ज्याला किरकोळ ठरवता त्याच कारणाने आईची पुढची मात्रा लांबली आणि त्या काळात आमच्यापैकी कोणाला झोप लागली नाही. हृदय वाचले याबद्दल माझी तक्रार नाही. एका त्रासाच्या जागी दुसरा येणार असेल, तर रुग्णाला तो आधी कळला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अर्धविराम:
दुसरी बाजूही नोंदवतो. माझ्या भावाला साधे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध सुरू केले तेव्हा काही मिनिटांतच त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली आणि औषध तत्काळ थांबवावे लागले. हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात देतात, आणि अशा ॲलर्जीचे खापर बहुतेक वेळा त्या द्रावकावरच फुटते. पुढे त्याला अल्ब्युमिन प्रथिनात बांधलेले पॅक्लिटॅक्सेल दिले, ज्याला २००५ साली मान्यता मिळाली होती. अर्ध्या तासात सलाईन संपले आणि स्टेरॉइडची आगाऊ मात्राही द्यावी लागली नाही. आमच्या घरी नॅनोला कोणी नावे ठेवणार नाही.

निरीक्षक:
ते सलाईन लवकर संपले याचा आनंदच आहे, पण याच औषधाच्या मोठ्या चाचणीत नसांचा तीव्र त्रास १० टक्के रुग्णांना झाला आणि साध्या पॅक्लिटॅक्सेलने २ टक्क्यांना, हेही लिहा. शिवाय माझा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. साऱ्या क्षेत्राने पुढची कित्येक वर्षे त्यावर इमारत उभी केली, मात्र पुरावा मुख्यतः उंदरांचा होता. वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलोची गाठ! काही आठवड्यांत फोफावलेल्या अशा गाठीच्या रक्तवाहिन्या आणि माणसात वर्षानुवर्षे वाढलेल्या गाठीच्या रक्तवाहिन्या सारख्या कशा असतील? त्याच टोरोंटोच्या गटाने २०२० साली दाखवले की उंदरांच्या गाठीतसुद्धा बहुतांश कण फटींतून झिरपत नाहीत, रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना स्वतः आत ओढून पलीकडे नेतात. ज्या पायावर एवढे दावे उभे राहिले तो पायाच डळमळीत निघाला, आणि लेखक मात्र "थेट गाठीवर" लिहून मोकळे झाले.

रसायनी:
उंदरांबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य करावे लागते, जरी ते मांडताना तुम्ही सगळ्या क्षेत्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या जोडीला अल्ब्युमिनचे पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेले. हा फरक तुम्हाला तुटपुंजा वाटेल, ज्याच्या घरात तो मिळाला त्याला वाटणार नाही. आणि गाठच नसलेल्या रक्ताच्या कर्करोगाचे काय? २०१७ साली मान्यता मिळालेल्या एका औषधात सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही केमोची दोन औषधे एकाच लायपोसोममध्ये ५:१ या प्रमाणात कोंडले आहेत, म्हणजे ते प्रमाण रक्तात मोडत नाही. वृद्ध रुग्णांत मध्यक आयुर्मान जवळपास ६ महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांपुढे गेले. इथे गळक्या रक्तवाहिन्यांचा काही संबंधच नाही.

निरीक्षक:
ही दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत आणि मी त्यांना कधी नाकारलेही नव्हते. पण त्यांतले एकही "निरोगी पेशींना धक्का लागत नाही" हे वाक्य सिद्ध करत नाही, हे तुम्ही एकदा स्पष्ट लिहा.

रसायनी:
लिहितो. ते वाक्य चुकीचे आहे. आजच्या कोणत्याही मान्यताप्राप्त नॅनो औषधाबद्दल ते लिहिता येणार नाही.

वैशाखी:
मग हे इथे लिहून थांबू नका. त्या मूळ लेखाखाली एका मुलाने सकाळी विचारले आहे की वडिलांची केमो मधेच थांबवून नॅनो उपचार घेता येईल का, आणि त्याला उत्तर म्हणून फक्त शुभेच्छा मिळाल्या आहेत. आपल्यापैकी औषधांतले तुम्हालाच सर्वांत जास्त कळते.

रसायनी:
तिथे आत्ताच लिहिले. चालू उपचार स्वतःहून थांबवू नका, वडिलांच्या डॉक्टरांना विचारा की त्यांच्या प्रकारच्या कर्करोगासाठी असे मान्यताप्राप्त औषध आहे का, आणि असल्यास हृदय, हात-पाय व नसा यांवर कोणते परिणाम होऊ शकतात ते लेखी मागून घ्या, असे सांगितले आहे. हातापायांच्या त्रासाचे तुमचे आकडेही तिथे दिले आहेत.