प्रतिसाद: तिसरी पिढी धंदा बुडवते?

वर कुणीतरी लिहिलंय की तिसरी पिढी धंदा बुडवतेच. मी तिसरा, आणि ठाण्यात जांभळी नाक्याजवळचं आमचं धान्याचं दुकान अजून तरी उघडं आहे! आजोबा संगमेश्वरहून आले ते एका शेठकडे पोती उचलायला. शेठनी पुढे दहा पोती तांदूळ उधारीवर दिला, कागद नाही की जामीन नाही. दुकान उभं राहिलं ते त्यावर. लक्ष्मीपूजनाचा पहिला पेढ्यांचा पुडा आजही नौपाड्यात शेठच्या नातवाकडे जातो. त्याला कारण नीट माहीत नाही, पेढे मात्र आवडतात.

१९५६ च्या कायद्याने शेर जाऊन किलो आला, मग मी इलेक्ट्रॉनिक काटा आणला. बाबा मात्र वजन झाल्यावर मूठभर तांदूळ पिशवीत टाकतातच. एकदा त्या मुठीचा वर्षाचा हिशेब मांडून त्यांना दाखवला. आकडा बऱ्यापैकी मोठा होता. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, "बेरीज बरोबर आहे" म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठ टाकली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, तेव्हा आम्ही महिनाभर वहीवर माल दिला. दोघं-तिघं सोडले तर सगळ्यांनी पैसे आणून दिले. त्या दोघा-तिघांची नावं बाबांनी खोडली, मी नसतो खोडली.