ब्लॅकजॅक: पत्ते मोजणाऱ्याने इन्शुरन्स कधी घ्यावा?

जळगाव_पत्ते: राम राम मंडळी. गोव्याचा बेत आहे, हाय-लो मोजता येतं (२ ते ६ दिसला की +१, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला की −१). डीलरचा एक्का उघडा असेल तर इन्शुरन्स घ्यायचा का? हातात वीस असेल तर घ्यावाच, असं बरेच जण सांगतात. सहा कॅटचा शू (पत्ते वाटायचा डबा) धरून सांगा.

तापीकाठ: वीस विसरा भाऊ. इन्शुरन्स तुमचा हात राखत नाही, डीलरचा झाकलेला पत्ता दश्शी किंवा चित्र निघेल, यावरची ती वेगळी पैज आहे. जिंकल्यास पैज परत आणि वर तिच्या दुप्पट मिळतात, म्हणून उरलेल्या पत्त्यांत दश्श्या आणि चित्रं मिळून एक तृतीयांशाहून जास्त हवीत. नव्या शूमध्ये एक्का दिसल्यावर ३११ पैकी ९६ असतात. ५०० च्या इन्शुरन्सवर सरासरी ३७ रुपये जातात. वीस असेल तर त्यातली दोन बहुधा तुमच्याच हातात, म्हणजे आणखी तोटा.

फैजपूरकर: ट्रू काउंट, म्हणजे चालू बेरीज (रनिंग) भागिले उरलेले कॅट, +३ झाला की घ्या. रनिंग +१० आणि उरले तीन कॅट, तर +३.३, घ्या. चार उरले तर +२.५, सोडा. दोन कॅटच्या खेळाला साधारण +२.४, एका कॅटला +१.४ पुरतो.
ठरवण्याआधी टेबलावरचे सगळे उघडे पत्ते मोजा, डीलरचा एक्कासुद्धा. तो राहिला की काउंट एकाने फुगतो, आणि घाईत तोच राहतो. उरलेले कॅट ओळखायला घरी २६-२६ पत्त्यांच्या थप्प्या लावून जाडी नजरेत बसवा. श्रावणभर पिसलेले जुने कॅट नकोत, ते फुगलेले असतात.

जळगाव_पत्ते: आपल्याला ब्लॅकजॅक (एक्का आणि दश्शी किंवा चित्र) लागला आणि डीलरने ‘इव्हन मनी’ विचारलं तर?

तापीकाठ: तोही इन्शुरन्सच, नियम तोच. १००० च्या बेटवर तिथेच १००० मिळतात; नाकारलं तर नव्या शूमध्ये सरासरी १०३९. हे ब्लॅकजॅकला ३:२ (१००० ला १५००) देणाऱ्या टेबलाचं. ६:५ असेल तर सरासरी ८३१ वर येते, तिथे इव्हन मनी देत असतील तर लगेच घ्या.

भुसावळ_जंक्शन: पत्ते सतत पिसणारं मशीन असेल तर मोजणीचा उपयोग नाही, इन्शुरन्स कधीच घेऊ नका.
जमलं तर एक्के वेगळे मोजा. हाय-लोत एक्का दश्शीसारखाच −१, पण इन्शुरन्सला तो कामाचा नाही. सहा कॅटमध्ये अर्धा शू संपला की १२ एक्के गेलेले असावेत. १६ गेले असतील तर +२.५ लाही घ्या. आठच गेले असतील तर +३ वरही सोडा.