मदत हवी आहे: पहाटे पीएम २.५ चा सेन्सर अडीचपट आकडा दाखवतो, दुपारी मात्र बरोबर

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लेझरवर चालणारा पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) मोजणारा सेन्सर बसवला आहे. सेन्सर, नोंदी घेणारा ईएसपी३२ बोर्ड आणि तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८० एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत. सेन्सरचं तोंड तेवढं तळाच्या भोकातून बाहेर. डिसेंबरभर रोज तेच. दुपारी दोनला सेन्सर ५२ आणि जवळचं हवा मोजणारं सरकारी केंद्र ५०. पहाटे सहाला सेन्सर २४०, केंद्र ९०. दोन्हीकडे तासाची सरासरी, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये. आर्द्रतेचा दोष म्हणावा तर डब्यात पहाटे १९ अंश आणि ७२ टक्केच दिसतात. बाहेरच्या थर्मामीटरवर तेव्हा १५.५ अंश असतात. पंखा साफ केला, ५ व्होल्टचा पुरवठा मोजला, ठीक आहे. सेन्सर बदलू का?

प्रतिसाद १

बदलू नका. दुपारचे आकडे इतके जुळतात म्हणजे सेन्सर ठणठणीत आहे. पहाटेचा वरचा आकडा बहुतेक पाण्याचा आहे.

हा सेन्सर कणांचं वजन करत नाही. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. हवेतल्या बारीक कणांत अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट असे क्षार बरेच असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे घडतं. २५ अंशांना अमोनियम नायट्रेट साधारण ६२ टक्के आर्द्रतेला विरघळतं, सल्फेट ८० टक्क्यांना. त्यापुढे कण पाणी ओढून फुगत जातो आणि जास्त प्रकाश विखुरतो. सरकारी केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र आत येणारी हवा नळीतच तापवून कण सुकवतं आणि मग मोजतं. तुम्ही ओले कण सुक्या कणांशी ताडून पाहताय.

आता ते ७२ टक्के. ती डब्यातली आर्द्रता आहे. बोर्डाच्या उष्णतेने डबा साडेतीन अंशांनी गरम झालाय. १९ अंश आणि ७२ टक्क्यांच्या हवेत जेवढी वाफ असते, तेवढीच १५.५ अंशांना ९० टक्के भरते. कण सेन्सरमध्ये शिरतात ते या ९० टक्क्यांच्या हवेतून. बीएमई२८० डब्याबाहेर, सेन्सरच्या तोंडाशी, पावसापासून आडोशाला लावा.

मग आकड्याला या गुणकाने भागा:

गुणक = १ + (कप्पा ÷ १.६५) ÷ (१ ÷ आर्द्रता − १)

आर्द्रता अपूर्णांकात, म्हणजे ९० टक्के = ०.९. १.६५ ही सुक्या कणांची घनता. कप्पा (ग्रीक अक्षर κ) म्हणजे कण किती पाणी ओढतो त्याचं माप: अमोनियम सल्फेटचं ०.६ च्या आसपास, सेंद्रिय पदार्थांचं ०.१ च्या आसपास, काजळीचं जवळपास शून्य. जमिनीवरच्या मिश्र हवेसाठी ०.३ ने सुरुवात करतात. तुमचा गुणक २.६४ येतो, २४० ÷ २.६४ = ९१. डब्यातले ७२ टक्के धरलेत तर गुणक फक्त १.४७ आणि उत्तर १६३.

एका पहाटेला ९१ जुळले म्हणून ०.३ पक्का धरू नका. निदान दोन आठवड्यांच्या तासवार नोंदी घेऊन केंद्राच्या आकड्यांशी जुळेल असा कप्पा ठरवा, पावसाळ्यात पुन्हा तपासा. ९५ टक्क्यांच्या वरच्या नोंदी सरळ टाकून द्या: बीएमई२८० ची अचूकताच ३ टक्के आहे, आणि ९५ ला ४.४५ असलेला गुणक ९७ ला ६.९ होतो.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण सगळं पाण्यावर ढकलू नका. केंद्रही ५० वरून ९० वर जातंच. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर उठत नाही आणि धूर तिथेच साचतो. त्यात खाली कुणी शेकोटी किंवा पालापाचोळा पेटवला असेल, तर तो ताजा धूर पाणी फारसं ओढत नाही. त्याला २.६४ ने भागलंत तर खरं प्रदूषण झाकलं जाईल, आणि श्वासात जातो तो हाच धूर. मिनिटामिनिटाची नोंद पाहा. आर्द्रतेमुळे आकडा तास-दोन तासांत संथ चढतो. शेकोटीचा दहा मिनिटांत उसळतो. अशा वेळेच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा.

नोंदींची वेळ भारतीयच आहे ना तेही बघा. बोर्ड ग्रीनिचची वेळ लिहीत असेल तर साडेपाच तासांची गल्लत होऊन सगळी तुलना फुकट जाते.

धागाकर्ता

वेळ भारतीयच आहे. भागाकाराऐवजी केंद्रासारखी तापलेली नळी लावली तर? पावसाळ्यातही चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, आणि भागाकारापेक्षा ते चांगलं. १५ अंशांची ९० टक्क्यांची हवा २५ अंशांपर्यंत तापवली की ४८ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात २५ अंश, ९५ टक्क्यांची हवा ३५ ला नेलीत तर ५३ च्या आसपास. म्हणजे बाहेरच्यापेक्षा दहा अंश वर, बस. जास्त तापवलंत तर अमोनियम नायट्रेट फुटून अमोनिया आणि नायट्रिक आम्लाची वाफ होते, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची, सरळ आणि आखूड घ्या. प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर विजेमुळे कण भिंतीला चिकटतात. सेन्सरचा पंखा दुबळा असतो, लांब किंवा अरुंद नळीतून तो हवा ओढू शकत नाही. नळी बसवल्यावर दुपारच्या कोरड्या हवेत आधी नळीसह, मग नळीशिवाय आकडा घ्या. नळीसह कमी आला तर नळी रुंद करा. हीटर चालू-बंद करायला नळीच्या आतल्या टोकाशी दुसरा बीएमई२८० लावा आणि तिथली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं ठेवा.

पीएम १० च्या (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या) रकान्यावर मात्र विसंबू नका. असे सेन्सर जाड धूळ नीट पाहतच नाहीत, तो आकडा बराचसा बारीक कणांवरून काढलेला असतो. शेजारी बांधकाम चालू असेल तरी तो फारसा हलणार नाही.