मदत हवी आहे: डायसल्फिराम (दारू सोडवण्याची गोळी) चालू आहे, पायांना मुंग्या आणि दिवसा झोप. कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. मकरपुरा जीआयडीसीत लेथवर काम करतो. ‘गुजरातेत दारूबंदी, मग तुला मिळायची कुठून?’ असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. त्यांना काय सांगणार, इथे दुधाच्या पिशवीपेक्षा ती लवकर घरी पोचते. ते असो. सध्या सुटली आहे आणि माझा प्रश्न सुटल्यानंतरचा आहे.

मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी डायसल्फिराम २५० मिलिग्रॅम, रोज एक, अशी दिली आहे. आधी लिव्हरची तपासणी केली, ती ठीक आली. बायको गोळी पाण्यात कालवते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. माझी त्याला हरकत नाही. नुसती हातावर ठेवली तर ती खिशात जाईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. वर प्यायलो तर काय होईल तेही डॉक्टरांनी सांगितलं: दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढे मोडणारं एन्झाइम ही गोळी अडवते. मग चेहरा लालभडक, डोकं ठणकतं, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे हे होऊ शकतं.

पण न पिता जे होतंय त्याचं काय? सुरुवातीला तोंडाला धातूसारखी चव यायची, ती गेली. दुपारच्या जेवणानंतर मात्र झोप आवरत नाही. चक फिरत असताना डोळ्यांवर झापड येणं म्हणजे काय, हे मशीनवर काम करणाऱ्यालाच कळेल. आता त्यात दोन्ही तळपायांना मुंग्या. परवा ओट्याची पायरी चढलो आणि डाव्या पायातली चप्पल खालीच राहिली. मला पत्ता नाही; शेजारच्या काकांनी हाक मारली तेव्हा खाली बघितलं.

हे गोळीमुळे की इतकी वर्षं प्यायल्यामुळे? पुढची तारीख लांब आहे. गोळी बंदच करावी असं वाटतं, पण ती बंद झाली की आठवड्याभरात मी कुठे असेन याची मला भीती आहे. कुणाची गोळी बदलली का? बदललेल्या गोळीने काय झालं? लिंबू-हळदीचे उपाय नकोत, ते घरातून भरपूर मिळतात.

प्रतिसाद, रावपुरावाला:
दादा, तारखेपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा. मला अगदी हेच झालं होतं. डायसल्फिरामने नसांना इजा होऊ शकते, आणि दारूनेही होते. त्यात बी-१ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. दोन्ही कारणांनी येणाऱ्या मुंग्या सारख्याच, त्यामुळे आपल्याला घरबसल्या कळणार नाही. माझ्या डॉक्टरांनी घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवून ‘थरथर जाणवते का?’ विचारलं, मग नसांची तपासणी करवली आणि गोळी थांबवली. मुंग्या हळूहळू ओसरल्या. अंगठा अजून थोडा बधिर आहे, खोटं कशाला सांगू. झोपेचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून मी गोळी रात्रीवर नेली होती, बराच फरक पडला. तोवर साहेबांना काहीही कारण सांगा, पण फिरत्या मशीनपासून दूर राहा. आणि डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली असं दिसलं तर फोनबिन नाही, थेट दवाखाना. क्वचित होतं, पण या गोळीने लिव्हर झपाट्याने बिघडू शकतं.

प्रतिसाद, अलकापुरीकर ताई:
आमचे हे आधी तुमच्याच गोळीवर होते. पोट जड वाटलं म्हणून सासूबाईंनी दोन चमचे दशमूलारिष्ट दिलं आणि अर्ध्या तासात ह्यांचा चेहरा टोमॅटो! आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं, होमिओपॅथीच्या थेंबांत असतं, काही खोकल्याच्या औषधांतही. जुलाबाला सर्रास देतात ती मेट्रोनिडाझोलही या गोळीबरोबर चालत नाही, दोन्ही एकत्र डोक्यावर परिणाम करतात. केमिस्टला आधी सांगत जा.
आता नालट्रेक्सोन ५० आहे. तिच्यावर प्यायलं तर काही उलट होत नाही, पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. सुरुवातीला मळमळ आणि डोकेदुखी होती. डॉक्टरांनी आधी अर्धी दिली, तीही जेवणानंतर, मग जमलं. पुढे मनगट मोडलं तेव्हा ट्रॅमाडॉल लागूच पडेना, कारण ही गोळी अफूवर्गातली वेदनाशामकं अडवते. तेव्हापासून ह्यांच्या पाकिटात चिठ्ठी असते.

प्रतिसाद, सुरसागर:
मी अकॅम्प्रोसेटवर, तीही दारूची ओढ कमी करणारी गोळी. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन, दिवसातून तीन वेळा. जुलाब सोडले तर त्रास नाही, पण दुपारचा डबा उघडला की आधी गोळ्या मोजायच्या. किडनीतून बाहेर पडते म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) बघतात. लिव्हर कच्चं असलेल्या माझ्या मित्राला ओढ कमी करायला बॅक्लोफेनची गोळी दिली होती. तिनेही झोप येते आणि ती एकदम बंद करायची नसते.
जाता जाता: भिंतींवरच्या ‘न कळत दारू सोडवा’वाल्या पुड्यांच्या नादी वाचणाऱ्या कुणी लागू नका. डायसल्फिराम माणसाला न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टर भेटत नसतील तर सयाजी रुग्णालयात मानसोपचार ओपीडी आहे, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोललो. उद्या सकाळी बोलावलं आहे, तोवर आजची गोळी घेऊ नका म्हणाले. बायकोने लगेच देव्हाऱ्याशेजारची द्राक्षासवाची बाटली मोरीत ओतली. ताई, एकच विचारतो: तुमच्याकडे डायसल्फिराम थांबल्यापासून नालट्रेक्सोन सुरू होईपर्यंत मध्ये काही दिवस रिकामे गेले का? तेव्हा घरात काय व्यवस्था केली होती? पगार याच आठवड्यात आहे.