'डिस्पॅरिटी' नेमका कुठे वापरायचा?

प्रश्न (खानापूर): केपीएससीच्या (कर्नाटक लोकसेवा आयोग) निबंधात विषमतेसाठी सगळीकडे 'इनइक्वॅलिटी'च लिहितोय. 'डिस्पॅरिटी' कुठे बसतो?

बेळगावहून: मोजता येणारी तफावत दाखवायची असेल तिथे. कशातली तफावत, त्याआधी 'इन'. कोणाकोणातली, त्याआधी 'बिटवीन'. 'डिस्पॅरिटी इन इन्कम बिटवीन मेन अँड विमेन'. 'बिटवीन'नंतर जोडायला 'अँड'च, 'टू' नाही. मुलं हटकून इथेच घसरतात. उदाहरणाला कर्नाटकातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीचा २००२चा अहवाल घ्या: राज्यातल्या १७५ पैकी ११४ तालुके मागास. ही 'रीजनल डिस्पॅरिटी'. हक्क डावलल्याचा मुद्दा असेल तर मात्र 'इनइक्वॅलिटी'च ठेवा.

निपाणीहून: 'डिस्क्रिपन्सी'शी गल्लत नको बघा. जमीन एकच, पण उताऱ्यावर २ एकर आणि खरेदीपत्रात १ एकर ३५ गुंठे, तर ती डिस्क्रिपन्सी.